पितळ की पोलाद : चारशे डॉलरांतलं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, वापरलेल्या रिव्हॉल्व्हरांच्या हुबेहूब प्रतिकृती आजही नव्याने बनतात आणि त्यांनी नेमबाजीही करता येते. त्यांत तयार काडतूस चालत नाही. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू घालायची, त्यावर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बाजूला ठिणगी देणारी केप चढवायची. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तंत्र नवं नाही.

या प्रतिकृतींपैकी बहुतेक इटलीच्या ब्रेशिया प्रांतात बनतात. पिएत्ता आणि उबेर्ती ही तिथली दोन मोठी नावं. अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय शस्त्रकायद्याने अशा ठासणीच्या प्रतिकृतींना ‘फायरआर्म’च्या व्याख्येतून वगळलं आहे. त्यामुळे अनेक राज्यांत त्या घरपोच मागवता येतात. मात्र प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. पेनसिल्व्हेनियातून डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं, की याच वस्तूच्या खरेदीला परवाना लागतो.

पैसे मोजकेच असतील तर यातलं काय घ्यावं, यावर हौशी लोकांत दोन तट आहेत. ते इथे पेनसिल्व्हेनियातल्या एका मामा-भाचीच्या तोंडून मांडले आहेत. मामा यंत्रशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले आणि काळ्या दारूच्या नेमबाजीत मुरलेले. भाची शाळेत इतिहास शिकवते. तिच्याकडे या हौसेसाठी बाजूला काढलेले चारशे डॉलर आहेत.

भाची : मामा, माझं ठरलं. पितळी फ्रेमचं कोल्ट १८५१ नेव्ही घेते, चव्वेचाळीसचं, म्हणजे ०.४४ इंच भोकाचं. सव्वादोनशे-अडीचशेपर्यंत मिळतंय. त्याच नमुन्याचं पोलादी फ्रेमचं घ्यायचं तर शंभरेक डॉलर जास्त पडतात. चारशेत वस्तूही येईल आणि दारूगोळ्यालाही पैसे उरतील.

मामा : वाचलेले शंभर डॉलर नेमके कुठून वाचले, ते आधी बघ. कोल्टच्या या नमुन्यात सिलिंडरवरून जाणारी पट्टी नसते, वरची बाजू उघडी असते. नळी आणि फ्रेम यांना धरून ठेवतो तो मधला जाड दांडा. मागच्या टोकाला तो फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेला असतो आणि पुढे नळीतून त्यात आडवी पाचर ठोकतात. सगळं हत्यार त्या दांड्यावर आणि पाचरीवर उभं असतं. बार उडाला की ताण तिथेच येतो. दांडा पोलादी आहे, पण त्याचे आटे ज्या धातूत बसलेत ते पितळ. ते मऊ असतं. जड बार भरत राहिलीस तर आटे हळूहळू सैल होणारच.

भाची : ते सैल होणं एवढं दिसण्याजोगं असतं?

मामा : चांगलं दिसतं. पाचर पूर्ण बसलेली असताना नळी धरून हलवायची, ती हलली तर समजायचं. मग सिलिंडर काढून त्याच्या मागची फ्रेमची भिंत बघायची. प्रत्येक बाराला सिलिंडर तिच्यावर मागे आदळतो. थकलेल्या पितळी फ्रेमवर सिलिंडरच्या दात्यांचं वर्तुळ नाण्यावरच्या शिक्क्यासारखं उमटलेलं असतं. जितका ठसा खोल, तितकी सिलिंडरला मागेपुढे सरकायला जागा जास्त, आणि तितकाच पुढचा दणका मोठा. एकदा सुरू झालेली झीज आपणच आपल्याला वाढवत नेते.

भाची : पण हे सगळं जड बारांचं झालं. चव्वेचाळीसच्या घरात तीस ग्रेन दारू मावते, म्हणून ती भरायलाच हवी असं कुठे आहे? मी पंधरा-वीस ग्रेनच भरणार. मला वीस-पंचवीस यार्डांवरचा कागद टिपायचाय. हलक्या बारावर पितळी फ्रेम वर्षानुवर्षं टिकते, असं तुमच्याच क्लबातले लोक सांगतात.

मामा : सांगतात, आणि ते खरं आहे. मग हलकाच बार भरायचा असेल तर चव्वेचाळीसचा हट्ट कशाला? तू इतिहासाची शिक्षिका आहेस. कोल्टने १८५१चं नेव्ही चव्वेचाळीसमध्ये बनवलंच नव्हतं. ते छत्तीसचं होतं, म्हणजे ०.३६ इंचाचं. चव्वेचाळीसमध्ये कोल्टचं १८६०चं आर्मी होतं. तू म्हणतेस ती वस्तू आजच्या गिऱ्हाइकाला मोठं भोक आवडतं म्हणून जुळवलेली आहे. जुनी नाही आणि टिकाऊही नाही.

भाची : हे मान्य. तसं असेल तर मी छत्तीसचंच बघते, पण पितळीच. आता इतिहासाचंच बोलायचं तर ‘पितळी म्हणजे नकली’ हे तुमच्या लोकांचं पालुपद मला पटत नाही. जॉर्जियात मेकन शहराजवळ सॅम्युअल ग्रिसवोल्ड याचा कापसाची सरकी काढायची यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. १८६२मध्ये दक्षिणेच्या सैन्यासाठी तिथे रिव्हॉल्व्हर बनायला लागली, कोल्ट नेव्हीच्या धर्तीवर आणि छत्तीसचीच. दक्षिणेत चांगल्या पोलादाची चणचण होती, म्हणून फ्रेम पितळेची केली. सिलिंडर लोखंडाचे, पण लोखंडाच्या सळया पिळून घडवलेले, म्हणजे तो धातू तग धरेल. साडेतीन हजारांवर नग निघाले. नोव्हेंबर १८६४मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या घोडदळाने कारखान्याभोवतीचं गावच जाळलं. पितळी फ्रेम ही त्या टंचाईची खरी खूण आहे, मामा. आज कंपनी पैसे वाचवायला पितळ वापरते आणि तेव्हा त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, एवढाच फरक.

मामा : आणि तो कारखाना चालवणारे हात कोणाचे होते?

भाची : बहुतेक गुलामांचे. माणसांना गुलामीत ठेवण्यासाठी जे युद्ध लढलं गेलं, त्याची शस्त्रं गुलामांकडूनच घडवून घेतली गेली. मला ती वस्तू हवी आहे ती याचसाठी. यादवी युद्धाचं बोलताना आमची मुलं झेंडे आणि सेनापती आठवतात. कारखान्यातला तो माणूस कुणाला आठवत नाही. मी हे रिव्हॉल्व्हर भिंतीवर मिरवणार नाही, आणि त्यावर दक्षिणेचा झेंडाही लावणार नाही. पितळ का, सिलिंडरचं लोखंड पिळलेलं का, ते कुणी पिळलं, हे सांगायला मला ती वस्तू स्वतः उघडून, भरून, झाडून, धुऊन कळायला हवी.

मामा : हे कारण मला पटलं. आता मी यंत्रशाळेतल्या भाषेत तुझ्या बाजूचा एक मुद्दा सांगतो. छत्तीसची गोल गोळी साधारण ऐंशी ग्रेन वजनाची. चव्वेचाळीसची एकशेचाळीसच्या आसपास. जड गोळी पुढे ढकलताना मागे येणारा धक्काही तेवढाच वाढतो. म्हणून छत्तीसच्या पितळी फ्रेमला पंधरा-सोळा ग्रेनचा बार सोसतो, आणि चव्वेचाळीसची पितळी फ्रेम मात्र लोक आवाज-धुराच्या हौसेपायी मारून टाकतात. पण दारू इतकी कमी भरलीस तर गोळी घरात खोल जाते. ती दारूवर घट्ट बसली पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. मधली जागा बारीक मक्याच्या पिठाने किंवा ग्रीसच्या चकत्यांनी भरायची.

भाची : म्हणजे तुम्ही पितळीला तयार झालात?

मामा : अजून नाही. आता तुझ्या चारशे डॉलरांचा हिशेब करू, कारण तू ते सगळे वस्तूचेच धरून चालली आहेस. नेमबाजीच्या मैदानावर पाय ठेवायचा तर डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण आधी हवं. मग दारूचा एक डबा, शंभर गोळ्या, शंभर केपा. दारू मोजायचं माप, ती ओतायची फ्लास्क, केपा ज्यांवर चढतात ती निपलं काढायचा पाना, ब्रश, ग्रीस. दर दुकानागणिक बदलतात, पण सव्वाशे-दीडशे डॉलर धरून चाल. म्हणजे रिव्हॉल्व्हरला उरले अडीचशे-पावणेतीनशे.

भाची : अडीचशेत नवं पितळी बसतं. पोलादी बसत नाही. तुमचा हिशेब माझ्याच बाजूचा निघाला.

मामा : नवं पोलादी बसत नाही. जुनं बसतं. या हौसेत पुष्कळ लोक वस्तू घेतात, एकदा झाडतात, साफ करायचा कंटाळा येतो आणि विकून मोकळे होतात. अशातलं पोलादी फ्रेमचं रेमिंग्टन बघ. लोक त्याला ‘१८५८’ म्हणतात, पण ते वर्ष पेटंटचं. प्रत्यक्ष उत्पादन १८६१च्या सुमारास सुरू झालं. त्याच्या सिलिंडरवरून फ्रेमची भक्कम पट्टी जाते, पाचरीचं प्रकरणच नाही. खालचा ठासणीचा दांडा थोडा खाली घेतला, मधली पिन पुढे ओढली, की सिलिंडर हातात येतो. धुवायला सोपं. दोन निपलांच्या मध्ये घोडा टेकवायला खाचा असतात, ही सुरक्षिततेची मोठी सोय. आणि पूर्ण बार भरलास तरी फ्रेम हूं की चूं करत नाही.

भाची : जुनं घ्यायची मला भीती वाटते. ते कुणी कसं वापरलंय, ते मला कसं कळणार?

मामा : पाहायची ठिकाणं ठरलेली आहेत. रिकामं असल्याची खात्री करून घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. तो पूर्ण मागे अडकतो त्या क्षणी सिलिंडर आपल्या खाचेत बसला पाहिजे, आधी नाही आणि नंतरही नाही. सहाही घरांवर हे बघायचं. मग सिलिंडर काढून प्रत्येक घराच्या तळाशी टॉर्च मारायचा. दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे न धुतलेल्या रिव्हॉल्व्हरला पहिला गंज तिथे आणि नळीत धरतो. वरवरची तांबूस झाक निघते, खड्डे निघत नाहीत. निपलं सुटतात का ते बघायचं; गंजून जाम झालेलं निपल म्हणजे मालकाने कधीच धुतलं नाही. नळीवर किंवा फ्रेमवर इटलीच्या चाचणीगृहाचा शिक्का असतो आणि शेजारी चौकटीत दोन अक्षरं. त्यावरून कोणत्या वर्षीचं आहे तेही कळतं. विकणारा हे बघू देत नसेल तर उठून यायचं.

भाची : एवढं बघता येणाऱ्याला जुनं घेणं ठीक आहे. पण माझ्यासारखी नवखी व्यक्ती शंभर मैलांवरच्या माणसाकडून फोटो बघून घेणार. नव्याला कंपनीची जबाबदारी तरी असते. कमी पैसेवाल्याला चूक परवडत नाही, मामा. तुमच्या हातात पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव आहे, त्याची किंमत तुम्ही हिशेबात धरत नाही.

मामा : हे बरोबर बोललीस. पारखी माणूस सोबत नसेल तर जुन्याच्या वाटेला जाऊ नये, असंच म्हणायला हवं.

भाची : आणि कोल्टच्या नमुन्याचंही काही देणं आहे. मधला दांडा जाड असतो, त्यावर ग्रीस धरणाऱ्या खाचा असतात. काजळी साचली तरी सिलिंडर बराच वेळ फिरत राहतो. रेमिंग्टनची पिन बारीक, ती लवकर अडते. हेही तुमच्याच क्लबात ऐकलंय.

मामा : अडते, आणि मग ओल्या फडक्याने पुसावी लागते. उलट कोल्टमध्ये फुटलेल्या केपेचा तुकडा घोड्याच्या खाली जाऊन यंत्र अडवतो. दोघांच्याही खोड्या आहेत. पण एका बाबतीत पितळ-पोलाद, कोल्ट-रेमिंग्टन सगळं सारखं, आणि तिथे मी तुला सूट देणार नाही. कायदा याला ‘फायरआर्म’ म्हणत नाही, म्हणून कुणी याला शोभेची वस्तू समजू नये. यातून सुटलेली गोळी माणूस मारते. दीडशे वर्षांपूर्वी तिने हजारो मारले. घरात मुलं येतात-जातात, तेव्हा हे कुलपात राहील. दारू तिच्या मूळ डब्यात, आगीपासून आणि ठिणगीपासून दूर. केपा वेगळ्या जागी.

भाची : हे मी लिहूनच ठेवलंय. शाळेतही नेणार नाही. मुलांना फोटो आणि सुटे भाग काढल्याची चित्रं दाखवेन.

मामा : आणि फ्लास्कमधून थेट घरात दारू ओतायची नाही. आत एखादी धगधगती काजळी राहिली असेल तर हातातली फ्लास्क पेटते. आधी मापात, मग मापातून घरात. गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी हवी. छत्तीसला साधारण ०.३७५ इंचाची चालते. ती दांड्याने ठासताना शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाजूला पडते. ती अख्खी पडली तर समज की घर सगळ्या बाजूंनी बंद झालं. त्यावर ग्रीस, नाहीतर गोळीखाली ग्रीसची चकती. घरं नीट बंद नसतील किंवा केपा सैल असतील, तर एका घराची ज्वाळा शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडतात. केपा सगळ्यात शेवटी, नळी लक्ष्याच्या दिशेला असताना. आणि आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू यात कधीच, चमचाभरसुद्धा, घालायची नाही. हत्यार फुटतं. ‘फक्त काळी दारू’ असं नळीवर कोरलेलं असतं ते याचसाठी.

भाची : खर्चाचं अजून एक विचारते. चालवायला परवडेल ना? वस्तू घेऊन ठेवली आणि दारूला पैसे नाहीत, असं नको.

मामा : हलक्या बाराचा इथे फायदाच आहे. एका पौंडात सात हजार ग्रेन. पंधरा ग्रेनने भरलंस तर पौंडाच्या एका डब्यात साडेचारशेच्या वर बार निघतात. तीस ग्रेनने भरणाऱ्याचा डबा त्याच्या निम्म्यात संपतो. जास्त पैसे जातात ते गोळ्यांत आणि केपांत. पुढे गोडी लागली तर साचा घेऊन मऊ शिशाच्या गोळ्या घरी ओतता येतात. तेव्हा मोकळी हवा आणि हातमोजे हवेत. दारू टपालाने मागवली की धोकादायक मालाचा अधिभार प्रत्येक खेपेला लागतो. तो एका डब्यासाठी भरणं वेडेपणा. क्लबातली आठ-दहा माणसं मिळून मागवतात, तो वाटला जातो. दुकानात काळ्या दारूला पायरोडेक्ससारखे पर्याय मिळतात, तेही चालतात.

भाची : आणि धुणं?

मामा : त्याच संध्याकाळी. गरम पाणी आणि भांड्याचा साबण, एवढंच. सिलिंडर, नळी, निपलं पाण्यात. ब्रशने घासायचं, खळखळून धुवायचं, कोरडं करायचं आणि तेल. पितळी असो की पोलादी, उद्यावर टाकणाऱ्याचं रिव्हॉल्व्हर दोन वर्षांत भंगारात जातं. धातूपेक्षा ही संध्याकाळ महत्त्वाची.

भाची : मग माझा निर्णय ऐका. चव्वेचाळीसचं पितळी रद्द. ग्रिसवोल्डच्या नमुन्याचं छत्तीसचं पितळी नवं घेते. पंधरा ग्रेनच्या वर जाणार नाही. पहिल्या दिवशीच फीलर गेजने नळी आणि सिलिंडरमधली फट मोजून वहीत लिहिते, आणि दर शंभर बारांनी पुन्हा मोजते. फट वाढायला लागली की झाडणं बंद.

मामा : फीलर गेज माझ्याकडून. पण माझं मत मी बदललेलं नाही. आठवड्याला मैदानावर येणाऱ्याने, पन्नास बार झाडणाऱ्याने पोलादीच घ्यावं, पारखी माणूस सोबत नेऊन जुनं घ्यावं, नाहीतर आणखी दोन-तीन महिने पैसे साठवून नवं घ्यावं. तू महिन्यातून एकदा, हलका बार आणि डोक्यात एक प्रश्न घेऊन येणार आहेस. तुला पितळी शोभेल.

भाची : म्हणजे आपल्या दोघांचा नकार एकाच गोष्टीला. पैसे कमी म्हणून सगळ्यात मोठ्या भोकाचं सगळ्यात स्वस्त हत्यार घ्यायचं, आणि चष्मा, माप, पाना यांवर काटकसर करायची.

मामा : बरोबर. किती झाडायचंय ते आधी ठरवावं, संरक्षणाचे आणि सफाईचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढावेत, आणि उरलेल्या रकमेत बसेल तो धातू घ्यावा. हा क्रम उलटा केला की स्वस्तातली वस्तूच महागात पडते. आता एक अट माझी. ऑर्डर देण्याआधी येत्या रविवारी माझ्याबरोबर क्लबात ये. तिथे दोन्ही आहेत. लोक मागितलं की हातात देतात आणि शेजारी उभं राहून भरायला शिकवतात. दोन्ही भरून बघ, झाड, आणि मुख्य म्हणजे दोन्ही स्वतः धू. त्यानंतरही मन पितळीवरच असेल तर पैसे भर.

भाची : येते. साबण मी आणते.